वेलस्लीचा फेरफार

भातकुलीत कुणी आडनाव विचारलं तर आधी विचारणारा कोण ते पाहून घ्यावं. दुसरं कुणी असेल तर एका शब्दात काम भागतं. पटवारीकाका असतील तर सायकल स्टँडवर लावावी, हातातलं दूध कुणाच्या तरी हाती घरी धाडावं आणि मगच तोंड उघडावं.

सरकारी कागदावर ते सेवानिवृत्त तलाठी. पण वऱ्हाडात तलाठी हा शब्द कागदावरच राहिला, लोकांच्या तोंडी पटवारीच आहे. भातकुली हा तालुका, आणि भातकुलीची तहसील कचेरी मात्र कित्येक वर्षं अमरावती शहरात होती. नाव एका गावाचं आणि खुर्ची दुसऱ्या गावात, हा प्रकार त्यांनी नोकरीभर रोज एसटीनं जाऊन-येऊन पाहिला. आडनावांचा नाद त्यांना तिथंच लागला असावा असा माझा अंदाज आहे. ते स्वतः म्हणतात की सातबाऱ्यावर जमीन बदलते, पीक बदलतं, विहीर बुजते, बोजा चढतो-उतरतो. आडनाव तेवढं टिकून राहतं, आणि नेमकं त्याचंच कुणी काही विचारत नाही.

सदऱ्याच्या खिशात लाल-निळी पेन्सिल. एका टोकानं लाल, दुसऱ्यानं निळी. खात्रीचं आडनाव लाल टोकानं, वादाचं निळ्या टोकानं. वही म्हणून जुन्या, रद्द झालेल्या पेरेपत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजू, सुतळीनं शिवलेल्या. समोरच्यानं आडनाव सांगितलं की ते आधी अडकित्ता बाहेर काढतात. सुपारीचं पहिलं खांड तुटेपर्यंत काही बोलत नाहीत. ते खांड गालात गेलं की समजावं, नोंद उघडली.

“कोन्या गावचे?”

“इथलेच.”

“इथलं तं मी बी हावो. त्याच्याआधी?”

बहुतेक माणसं आजोबांपर्यंत जाऊन थांबतात. काका तिथून सुरू करतात.

आता आपल्याकडं आडनाव विचारणं ही जात विचारायची सभ्य रीत आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे ते ठाऊक नसल्यासारखं वागतात. पण वऱ्हाडात या रीतीची पंचाईत होते. वानखडे, इंगळे, तायडे ही आडनावं कुणब्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखी चार घरांत आहेत. नुसतं आडनाव ऐकून विचारणाऱ्याचं पोट भरत नाही. म्हणून इथं दुसरा प्रश्न तयार असतो: “कोणते वानखडे?”

एकदा शाळेत नवे मास्तर आले, खोली भाड्यानं शोधत होते. घरमालक ओट्यावर, शेजारी काका. मास्तरांनी आडनाव सांगितलं. घरमालक गोड हसून म्हणाले, “कोन्ते वानखडे?”

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “वानखेडचे.”

“तसं नाई हो. म्हंजे, कोन्ते?”

“वानखेडचेच. बुलढाना जिल्हा, संग्रामपूर तालुका. वान नदी हाये ना, तिच्यावरून गाव, गावावरून हे. खेड असलं का खडे होते. बोरखेडचा बोरखडे. शेगावचा कसा शेगोकार होते, तसं.”

“ते बराबर हाये. पन मी म्हन्तो, वानखड्याइमंदी बी…”

“वानखड्याइमंदी दोन प्रकार. एक वानखेडात राह्यलेले आन् एक वानखेडातून निंघालेले. हे निंघालेले. राह्यलेल्याले वानखडे कायले कोनी म्हनन? गावात तं सारेच वानखेडचे. बाहेर पडल्याबिगर गावाचं नाव लागत नाई मानसाले.”

घरमालकांनी आणखी दोनदा नेम धरला. दोन्ही वेळा काका मधे आले. दुसऱ्या वेळी तर वही उघडून वान नदीचा उगम सांगायला लागले. शेवटी घरमालकांनी कंटाळून किल्ली दिली. मास्तर त्या खोलीत अजून राहतात, भाडं वेळेवर देतात, आणि घरमालकांना जे हवं होतं ते आजतागायत कळलेलं नाही. काका हे मुद्दाम करतात की त्यांना खरंच दुसरा प्रश्न ऐकू येत नाही, यावर गावात दोन मतं आहेत. मी दोन्ही पक्षांत आलटून पालटून असतो.

गावाबद्दल विचाराल तर भातकुली म्हणजे भोजकट, हे त्यांचं ठाम मत, आणि या बाबतीत सगळं गाव त्यांच्या मागं आहे. रुक्मिणीला कृष्णानं कौंडिण्यपुराहून नेलं, भाऊ रुक्मी पाठलागावर गेला, हरला, बहिणीला आणल्याशिवाय घरी तोंड दाखवणार नाही म्हणाला होता म्हणून परत गेलाच नाही. नवी राजधानी वसवली, ती भोजकट. इतर गावांना मूळपुरुष असतो, आम्हाला रुसलेला मेव्हणा आहे. पण काका पुराणावर थांबणारे नव्हेत, त्यांना कागद लागतो, कागद नसला तर ताम्रपट चालतो. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटकांचा ताम्रपट सापडला. दुसऱ्या प्रवरसेनानं चर्मांक नावाचं गाव भोजकट राज्यात दान दिल्याची नोंद त्यात आहे. चर्मांकचं चम्मक झालं आणि दीड हजार वर्षं टिकलं. “हे पाहा लाल पेन्सिल,” काका म्हणतात. भोजकटचं भातकुली कसं झालं त्याचा कागद अजून मिळालेला नाही, म्हणून स्वतःचं गाव त्यांच्या वहीत निळ्यात आहे. याचं त्यांना दुःख आहे, पण रंग बदलत नाहीत. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानतो.

गावातली आडनावं संपल्यावर ते इंग्रजांकडं वळले.

निमित्त गाविलगडचं. चार पोरं चिखलदऱ्याला जाऊन आली, किल्ल्यावर फोटो काढले, आणि बसस्टँडच्या हॉटेलात ते एकमेकांना दाखवत होती. काका शेजारच्या बाकड्यावर.

“किल्ला कोनं घेतला?”

“इंग्रजानं.”

“इंग्रजाले नाव नसते का?”

एका पोरानं मोबाइलवर बघून सांगितलं, “आर्थर वेलस्ली.”

अडकित्ता बाहेर आला. हॉटेलवाल्यानं न विचारता चहा पुन्हा टाकला.

“कायचा वेलस्ली! मूळ खातेदार कॉली.”

इंग्लंडचा इतिहास मी शाळेत शिकलो आणि विसरलो. काकांच्या तोंडून ऐकलेला मात्र लक्षात राहिला, कारण ते तो तलाठ्याच्या दप्तरातून सांगतात. आयर्लंडात मीथ जिल्हा, डांगन गाव. खातेदार गॅरेट वेस्ली. पोटी लेकरू नाही. वारस धुंडायला लागला. त्याच आडनावाचा एक हुशार पोरगा इंग्लंडात होता, चार्ल्स नावाचा. त्याला दत्तक मागितला, पोरगा नाही म्हणाला, अशी जुनी गोष्ट सांगतात. “थो पोरगा भजनात गेला,” काका म्हणतात, आणि हे खोटं नाही. चार्ल्स वेस्लीनं पुढं हजारोंनी भजनं रचली, त्याचा भाऊ जॉन यानं मेथडिस्ट पंथ काढला. इकडं गॅरेट 1728 साली वारला. इस्टेट गेली नात्यातल्या रिचर्ड कॉलीकडं. त्यानं जमिनीबरोबर आडनावही उचललं आणि कॉलीचा वेस्ली झाला.

“हा पह्यला फेरफार,” काका बोट वर करतात. “वारसानं नाव लागलं. कोनाची हरकत नाई. नोंद मंजूर.”

या रिचर्डचा नातू आर्थर. हिंदुस्थानात आला तेव्हा सही वेस्ली अशीच करत होता. 1798 साली त्याचा थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि त्याच वर्षी घराण्यानं आडनावाचं जुनं लांबलचक रूप पुन्हा घेतलं: वेलस्ली. दुसरा फेरफार. मग 29 नोव्हेंबर 1803 रोजी तेल्हाऱ्याकडच्या अडगावला भोसले आणि शिंद्यांच्या फौजेशी लढाई, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला, 17 तारखेला देवगावचा तह.

“म्हंजे गाविलगड घेतला तवा आडनाव किती वर्साचं? पाच! आपल्या गड्याचा बैल बी त्याहून जुना राह्यते.”

पोरं हसली. काकांनी हात दाखवून थांबवलं, कारण तिसरा फेरफार बाकी होता. 1809 साली हा माणूस स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजेशी लढत असताना त्याला सरदारकी द्यायचं ठरलं. पदवीला नाव हवं. त्याला विचारायला वेळ नाही. तेव्हा घरी बसलेल्या विल्यम नावाच्या भावानं वेलस्लीशी जुळेल असं सॉमरसेट परगण्यातलं एक गाव निवडून टाकलं: वेलिंग्टन. पुढं वॉटर्लू जिंकला तो या नावानं. पायातल्या लांब बुटांना नाव मिळालं तेही हेच.

“मानूस लढाईवर, आन् नाव घरच्याइनं ठरवलं. आपल्याकळे लेकराचं करतात तसं.”

मग मूळ वेलस्ली कुठलं, असं एका पोरानं विचारलं. हे विचारायला नको होतं. सॉमरसेटमध्येच वेल्स नावाचं शहर आहे, जिवंत झऱ्यांवरून नाव पडलेलं. त्या वेल्सच्या मालकीचं रान ते वेलस्ली. काकांनी मान हलवली. “विहीर-झऱ्यावरून आडनाव तिथंच जमते. आपल्या खारपानपट्ट्यात विहिरीचं नाव कोनी घरादाराले लावन का? पूर्नेच्या खोऱ्यात पोहरा टाकला का मीठ येते वर.”

आम्ही सगळ्यांनी हे मान्य केलं. भातकुली-दर्यापूरच्या माणसाला पाण्याबाबत फार पटवावं लागत नाही.

पण हॉटेलात कोल्हे आडनावाचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी सगळ्यातून फक्त कॉली एवढंच ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी गावात पसरलं की गाविलगड मुळात कोल्ह्यांनी घेतला. आठवड्यानं त्यांच्या घरच्या नामकरणात पोराचं नाव अर्जुन ठेवलं, ते आर्थरच्या जवळ जातं म्हणून, असंही कानावर आलं. काका इतके चिडलेले मी कधी पाहिले नाहीत. “आवाजावरून मी नाई जात! कागदावरून जातो! आवाजावर गेलं तं हैदराबादच्या पामर साहेबाले बी अभंगातला पामर म्हना लागन!” हा विल्यम पामर निजामाला व्याजानं पैसे देणाऱ्या कंपनीचा मालक, त्याला पामर म्हणायला कुणाची जीभ धजली नसती. इंग्रजीत पामर म्हणजे जेरुसलेमची यात्रा करून, खूण म्हणून खजुरीची फांदी घेऊन परतलेला माणूस. “वारकरी थो,” काका म्हणाले. मग जरा थांबून, “वारकरी आन् सावकारी. हे तं आपल्याकळे बी हाये म्हना.”

इंग्लंडचं सगळं दप्तर त्यांनी असं लावून ठेवलं आहे. 1086 सालचं डोम्सडे बुक ही त्यांच्या मते विलायतेची पहिली पैमाईश: कुणाची जमीन किती, नांगर किती, बैल किती, पाणचक्क्या किती. आपल्याकडं बेरारात मुंबई पद्धतीची मोजणी 1861 पासून सुरू झाली, म्हणजे इंग्रज आपल्यापेक्षा पावणेआठशे वर्षं आधी साखळीखाली आला, याचं काकांना समाधान आहे. फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन जमीनदारांनी गावांची नावं लावली, साध्या माणसांना आडनावं चिकटायला 1400 साल उजाडलं. 1538 साली थॉमस क्रॉमवेलनं प्रत्येक चर्चला बारसं, लग्न, मर्तिकाची वही ठेवायला लावली आणि मग आडनावांना हलता येईना. “वही आली का मानूस बांधल्या जाते,” हे वाक्य ते स्वतःच्या वहीवर हात ठेवून म्हणतात, आणि त्यातला विनोद त्यांच्या लक्षात येत नाही.

निक्सनला त्यांनी एका मिनिटात निकालात काढलं. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जायची ती शकुंतला आगगाडी ज्या किलिक निक्सन कंपनीची होती, तो निक्सन. निक म्हणजे निकोलस, सन म्हणजे मुलगा. “निक्याचं पोट्टं.” त्याच आडनावाचा माणूस पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला, त्यानंही काकांची नोंद बदलली नाही.

रसेलवर मात्र ते रमतात, आणि मला वाटतं, या सगळ्या नादाची खरी गोम तिथं आहे. आर. व्ही. रसेल हा मध्य प्रांतातला इंग्रज अधिकारी. त्यानं रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीनं इथल्या जातीजमातींची चार जाडजूड खंडांत नोंद केली, 1916 साली छापली. कुणाच्या चालीरीती काय, कोण कुणाच्या हातचं खातं, कुणाची कुळं किती, सगळं त्यात. काकांनी ते खंड अमरावतीच्या एका लायब्ररीत बसून वाचले. त्यात आपली सगळी माणसं सापडली, लिहिणारा तेवढा सापडला नाही. “साऱ्याइले इचारत गेला, तुमी कोन, तुमी कोन. त्याले कोनी इचारलं नाई.” मग काकांनी विचारलं. रसेल हे जुन्या फ्रेंचातलं, तांबड्या केसांच्या माणसाला पडलेलं टोपणनाव. वहीत नोंद झाली: रसेल, आर. व्ही., म्हणजे भुरे. लाल पेन्सिलीनं, त्याशिवाय शोभलंही नसतं.

टोपणनावावरून आडनाव पडतं यावर कुणी शंका घेतली तर ते ऋणमोचनकडं बोट दाखवतात. तिथल्या यात्रेत पूर्णेच्या काठी ज्यांनी लोकांची सेवा केली ते डेबूजी झिंगराजी जानोरकर. जानोरकर हे आज किती जणांना आठवतं? हातात गाडगं दिसलं म्हणून लोकांनी गाडगेबाबा म्हटलं, आणि आता विद्यापीठाच्या पदवीवर तेच नाव छापून येतं.

इंग्लंडात नोकरीला गेलेला गावातला एक मुलगा परवा मोबाइलवर घरच्यांशी बोलत होता. साहेब चांगला आहे म्हणाला, नाव स्मिथ. पलंगावरून आजीनं विचारलं, “कोन्ते स्मिथ?”

काका दारातच होते. “लोहार, काकू.”

“तेच इचारून राह्यली मी. मंग ऐरन हाये का घरी त्याच्या?”

“नाई. इमा कंपनीत हाये थो.”

“बाप लोहारकी करे?”

“नाई, बाप बी नाई. पाचशे-साशे वर्सं झाली असतीन सोडून.”

“मंग लोहार कायले म्हन्ता?” आजी म्हणाली आणि कूस बदलून झोपली. काका बराच वेळ पेन्सिल हातात धरून उभे होते. कोणतं टोक वापरायचं ते ठरत नव्हतं.

सध्या त्यांचा एक अर्ज चालू आहे. अमरावतीचा मोठा सरकारी दवाखाना म्हणजे इर्विन, बाळंतिणींचा डफरीन. ही दोन नावं इथल्या माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहेत की रिक्षावाल्याला दुसरं काही सांगितलं तर तो विचारात पडतो. काकांचं म्हणणं, दोन्ही नावं कागदोपत्री अपुरी. 1926 साली व्हाइसरॉय म्हणून आलेला इर्विन हा घरचा एडवर्ड वूड; इर्विन ही नोकरीवर निघताना घेतलेली पदवी. 1884 चा डफरीन घरचा ब्लॅकवूड. “वूड म्हंजे रान, झाडं. दोनी दवाखाने झाड्याइचेच! एक साधे झाडे, एक काळे झाडे.” मधल्या काळात किंग एडवर्ड कॉलेजही, म्हणजे लोकांच्या तोंडचं व्हीएमव्ही, त्यांनी तपासून घेतलं. तिथं मोठीच भानगड निघाली. राजघराण्याचं जर्मन नाव महायुद्धात अडचणीचं झालं, म्हणून 1917 साली पाचव्या जॉर्जनं किल्ल्याच्या नावावरून विंडसर हे नाव घेतलं. आणि ज्याच्या नावानं 1923 साली कॉलेज निघालं तो सातवा एडवर्ड 1910 लाच वारलेला. मयताच्या नावावर फेरफार होत नसतो, म्हणून काकांनी तो राजा सोडून दिला.

अर्ज एवढाच की नाव बदलू नये. फक्त फलकावर कंसात मूळ आडनाव लिहावं. असे अर्ज कुणीकडं द्यायचे हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका कचेरीच्या आवक-जावक टेबलावर काकांनी तो ठेवला. मी सोबत होतो. टेबलावरच्या तरुण बाबूनं चष्मा वर सरकवून अर्ज वाचला, पुन्हा वाचला, शिक्का उचलला आणि हात मधेच थांबवून विचारलं, “काका, हे झाडे कोन्ते?”

काकांनी रिकामी खुर्ची ओढली आणि खिशातून अडकित्ता काढला. मी बाहेर जाऊन चहा घेतला, पेपर वाचला, भातकुलीची एक एसटी सोडली, दुसरी सोडली. परत आलो तेव्हा बाबू कागदावर स्वतःच्या आजोबांच्या गावाचं नाव लिहीत होता, मागं सात माणसांची रांग लागली होती आणि शिक्का अजून हवेतच होता.